धर्मभगिनींचें अखेरचें दान

वृद्धपणीं स्मृति कां नाहींशी होते, हें जाणण्यास तींच माणसें वर्षानुवर्षें तपासावीं लागतात. असें संशोधन अमेरिकेंत १९८६ सालीं डेव्हिड स्नोडन ह्या शास्त्रज्ञांनीं आरंभिलें. त्यांत पुढें ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संघाच्या ६७८ धर्मभगिनी सामील झाल्या. वयानें ७५ वा त्याहून अधिक अशा ह्या भगिनींपैकीं बहुतेक अध्यापिका होत्या. सर्वांची राहणी सारखी असल्यानें तुलना करणें सोपें झालें.

दरवर्षीं स्मरणशक्तीची परीक्षा देण्याचें व मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठीं अर्पण करण्याचें वचन त्यांनीं स्वेच्छेनें दिलें. त्यांनीं तारुण्यांत लिहिलेलीं आत्मवृत्तेंही मठांत जपलेलीं होतीं. त्यांपैकीं ९३ जणींच्या लेखनाचा अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वाक्यांत विचार दाट, त्यांचे उतारवयांतील परीक्षेचे गुण बहुधा चांगले आढळले. लेखनानें रोग टळतो असें मात्र ह्यावरून सिद्ध होत नाहीं.

एक भगिनी १०१ व्या वर्षीं वारली. तिच्या मेंदूंत अल्झायमर रोगाच्या खुणा विपुल होत्या, तरी तिची बुद्धि शेवटपर्यंत तल्लख होती! आतां अशा खुणा रक्तांतही शोधतां येतात. परंतु त्यांचा खरेपणा पारखण्यास जतन केलेले मेंदूही उपयोगीं पडतात.

बालमित्रहो, घरची आजी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारूं लागली, तर तो हट्ट नसून रोग असूं शकेल. तिला शांतपणें उत्तर द्या.