‘प्टोसिस’: एक शब्द, अनेक विकार

ग्रीक ‘प्टोसिस’ म्हणजे पतन. ग्रीक वैयाकरणांनी तो शब्द विभक्तीस योजिला; नेत्रवैद्यकात तो वरची पापणी खाली ओघळण्याचे नाव झाला. परंतु हे नाव लक्षणाचे आहे, रोगाचे नव्हे. हा भेद विसरल्यास उपचारच चुकतो. उतारवयात पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा बहुधा सैल होतो. तो शस्त्रक्रियेने आवळता येतो. जन्मजात विकारात स्नायूच दुबळा असतो. तो फारच दुबळा असल्यास पापणी कपाळाच्या स्नायूस जोडतात. बालकाची बाहुली झाकली जात असेल तर विलंब दृष्टीस घातक ठरतो. सायंकाळी वाढणारे पतन मायस्थेनियाचे सूचक असू शकते. तेथे प्रथम औषधे. पापणी एकाएकी पडून त्याच डोळ्याची बाहुली विस्फारली, तर मेंदूतील धमनीचा फुगवटा संभवतो. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.