स्नुहीक्षीराचे बळ मोजावे कसे?

भगंदरावर क्षारसूत्र बांधणारा वैद्य सूत्राची जाडी पाहतो, ताण पाहतो, क्वचित सामूही तपासून घेतो. ज्या स्नुहीक्षीरावर सारे लेप उभे आहेत, ते कितपत सकस होते हे मात्र त्याला कळत नाही. एकवीस लेपांपैकी पहिले ११ केवळ क्षीराचे, पुढील ७ क्षीर व अपामार्गक्षाराचे, अखेरचे ३ क्षीर व हरिद्रेचे. क्षीरावाचून एकही लेप नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत व्रण भरण्यास शस्त्रक्रियेच्या ४ आठवड्यांऐवजी ८ आठवडे लागले, पण वर्षभरातील पुनरुद्भव ११ टक्क्यांऐवजी ४ टक्केच आढळला. हे यश पातळ केलेल्या चिकाच्या सूत्राकडून अपेक्षिणे आम्हांस रास्त वाटत नाही.

या कुळातील चिकात प्रथिनांचे विघटन करणारी विकरे, म्हणजे प्रोटिएज, असतात. स्नुहीच्याच गोत्रातील युफोर्बिया निव्हुलियाच्या चिकातून जळगावच्या संशोधकांनी असे विकर वेगळे करून त्यास ‘निव्हुलियन’ हे नाव दिले. सोलापूरच्या वैशाखात तासन्‌तास उघड्यावर राहिलेला चीक आणि पहाटे काढून लगेच वापरलेला चीक दिसायला सारखेच पांढरे. भेद मोजल्यावरच कळावा.

मोजण्याची रीत अवघड नाही. दुधातील केसिनच्या द्रावणात चिकाचे ठरावीक प्रमाण घालून ३७ अंश सेल्सिअसवर १० मिनिटे ठेवावे. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घालताच क्रिया थांबते व न पचलेले केसिन खाली बसते. गाळलेल्या द्रवात सोडियम कार्बोनेट व फोलिन द्रावण घातले की निळा रंग येतो. तो ६६० नॅनोमीटरवर मोजून टायरोसीनच्या ज्ञात द्रावणांशी ताडावा. मिनिटाला एक मायक्रोमोल टायरोसीनइतका रंग देणारी क्रिया म्हणजे एक एकक. लाल गाळणीचा साधा कलरीमीटरही चालतो. आम्ल आधी व चीक नंतर घातलेला कोरा नमुना सोबत हवाच. चिकाचा स्वतःचा रंग त्यातूनच वजा होतो.

तयार सूत्राची परीक्षा मात्र फसवी आहे. हळदीतील कर्क्युमिन फिनॉलवर्गीय असल्याने फोलिन द्रावणाला स्वतःच निळे करू शकते. विकर मृत असूनही आकडा फुगतो. म्हणून फार्मसीचालकांनी लेप देण्यापूर्वीच क्षीर मोजावे, आणि नोंदवहीत आकड्याशेजारी चीक काढल्याची वेळ लिहावी. वेळ नसलेल्या आकड्यावरून चीक शिळा होता की पाणी घातलेला, हे सांगता येत नाही.