स्मरणनाण्याची दर्शनी बाजू कोणती?

दीपावलीच्या पूजेत आमच्या घरी चांदीच्या नाण्यांसोबत पाच रुपयांचे एक नाणेही ताम्हनात ठेवले जाते. भगवान महावीरांच्या 2600व्या जन्मकल्याणकानिमित्त 2001 साली भारत सरकारने काढलेले ते नाणे. जैन प्रतीकचिन्हाची बाजू वर, हा आजोबांचा शिरस्ता. नाणी जमवण्याचा नाद लागलेल्या नातवाने यंदा ते उचलून न्याहाळले आणि म्हणाला, ‘‘आजोबा, ही तर नाण्याची मागची बाजू!’’ आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘भगवंतांचे चिन्ह, आणि मागची बाजू?’’

नातू नाणकशास्त्राला धरूनच बोलत होता. पण आजोबांचा प्रश्नही हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

नाणे कोणाच्या अधिकाराने चालते, हे जी बाजू सांगते ती दर्शनी. विषयाची थोरवी तिथे पाहिली जात नाही. शिवराईवर एकीकडे ‘श्री राजा शिव’ व दुसरीकडे ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. राजाचे नाव असलेली बाजू दर्शनी मानली जाते. 1947च्या रुपयावर एका बाजूस सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस वाघ आहे. वाघ कितीही डौलदार असला तरी तो मागचाच! 15 ऑगस्ट 1950 रोजी प्रजासत्ताकाची नाणी आली, तेव्हा राजाच्या मुखवट्याची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली.

खरा घोटाळा येथून सुरू होतो. राजांच्या नाण्यांमुळे ‘मुखवटा तो छापा’ ही सवय जडलेली. आणि 1964 साली निघालेल्या आपल्या पहिल्या स्मरणनाण्यावर पंडित नेहरूंचा मुखवटा आला. मात्र सरकारी राजपत्रात स्मरणनाण्याचे वर्णन येते ते असे : दर्शनी बाजूवर सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’, दोन्ही अंगांना देशाचे नाव आणि नाण्याचे मूल्य, ज्यांचे स्मरण करायचे ते मागील बाजूवर. 1990च्या रुपयावरील डॉ. आंबेडकर आणि 2007च्या पाच रुपयांवरील लोकमान्य टिळकही तेथेच आहेत. आपल्या पेढ्यांना हे नवे वाटू नये. हुंडी हाती आली की खाली सही कोणाची, हे आपले पूर्वज आधी पाहत.

या कसोटीचा व्यवहारातही उपयोग आहे. दिवाळीला आपण घेतो त्या लक्ष्मीच्या चांदीच्या ‘नाण्या’वर ना सिंहशीर्ष असते, ना मूल्य. ते नाणे नव्हेच. त्याची किंमत चांदीची, आणि भरवसा सराफाचा. उलट भगवान महावीरांच्या 2550व्या निर्वाण महोत्सवानिमित्त 21 एप्रिल 2024 रोजी प्रकाशित झालेले शंभर रुपयांचे नाणे बाजारात फिरत नसले, तरी कायद्याने नाणेच आहे. संग्रह विकताना किंवा वाटणीची यादी करताना ‘दर्शनी बाजूस ओरखडा’ असे लिहायचे, तर तो सिंहशीर्षाच्या बाजूस हवा. चिन्हाकडचा ओरखडा तसा नोंदला, तर घेणाऱ्याशी वाद ठरलेला.

आजोबांनी हे सारे ऐकून घेतले. ‘‘म्हणजे पुढे आहे ती सरकारची सही,’’ एवढेच म्हणाले. नातवाने आपल्या संग्रहातील त्याच नाण्याच्या चिठ्ठीवर ‘मागील बाजू : जैन प्रतीकचिन्ह’ असे नीट लिहिले आहे. ताम्हनातले नाणे मात्र त्यानेच पुन्हा ठेवले, चिन्ह वर करून.