शाळेत गाडी शिकवावी का?

दहावीचा निकाल लागला की आपल्या गावात दोन दुकानांत गर्दी होते. एक पेढ्यांचे आणि दुसरे गाड्यांचे. मुलगा किंवा मुलगी अकरावीला जाणार, कॉलेज तीन-चार किलोमीटरवर, शिकवणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वडिलांना दुकान किंवा नोकरी सोडून रोज पोहोचवणे शक्य नसते. मग पालक विचारतात, "डॉक्टर, मुले नाही तरी गाडी चालवणारच. शाळेतच नीट शिकवली तर काय वाईट? अमेरिकेत म्हणे शाळेत शिकवतात."

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेचे म्हणाल तर तेही खरे आहे. १९३४ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावी एमॉस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकांनी तेथील हायस्कूलच्या मुलांना मोटार चालवण्याचे धडे देण्यास सुरुवात केली. पुढे ही कल्पना देशभर पसरली. ज्या देशात बहुतेक ठिकाणी सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, तेथे शाळेने हे शिकवावे असे वाटणे स्वाभाविकच होते.

परंतु कोणतेही औषध देण्यापूर्वी त्याचा गुण येतो का हे पाहावे लागते. तसे तेथील लोकांनी पाहिले. जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. एका गटाला सविस्तर शिक्षण, दुसऱ्याला जेमतेम, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. पहिले काही महिने शिकलेल्या मुलांमध्ये थोडा फरक दिसला, पण तो टिकला नाही. कनेक्टिकट राज्याने १९७६ साली या शिक्षणाचे अनुदान बंद केले आणि काही शाळांनी वर्गच बंद केले. तेव्हा त्या भागांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे परवानेही कमी झाले आणि अपघातही. २००१ साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातही हेच आढळले, की शाळेत शिकवल्याने मुले लवकर परवाना काढतात, अपघात कमी होतात असा पुरावा मिळत नाही.

असे का व्हावे? क्लच, ब्रेक आणि वळण घेणे या गोष्टी सोळा वर्षांचे पोर आठ दिवसांत शिकते. बहुधा आपल्यापेक्षा चांगलेच शिकते. अडचण हातापायांत नाही. धोका ओळखून मनाला आवर घालण्याचे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो, आणि तो पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्यात मागे मित्र बसले की वेग वाढतो. म्हणून न्यूझीलंडने १९८७ साली, आणि नंतर अमेरिकेतील राज्यांनी, परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. आरंभी रात्री गाडी चालवायची नाही, बरोबर समवयस्क मुले बसवायची नाहीत, अशी बंधने. याचा उपयोग झाल्याचे दिसते. 'ट्रिपल सीट' हा जणू हक्क समजणाऱ्या आपल्या गावाला यातून बरेच घेता येईल.

आपल्याकडचा कायदा तर याहून कडक आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही. अपवाद फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, तो सोळाव्या वर्षी. पण बाजारातील बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात, त्यामुळे 'स्कूटीला चालते' हा समज चुकीचा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा महिनाभर सगळे हळहळले. गल्लीतली पोरे मात्र त्याही महिन्यात गाड्या उडवतच होती.

तेव्हा माझे मत असे, की माध्यमिक शाळेने गाडी चालवायला शिकवू नये. रस्ता मात्र जरूर शिकवावा, आणि तोही चिन्हांचा तक्ता पाठ करून घेऊन नव्हे. नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जा आहेच. मैदानावर टेप धरून मुलांनाच मोजू द्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. समोर म्हैस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढे अंतर सहज निघून जाते. थांबणे त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावरचे अंतर चौपट.

याच तासाला हेल्मेटचा विषय घ्यावा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यातील ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार किंवा त्यांच्या मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. अर्थात पट्टा लावला असेल तर. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटने आरसा सुरक्षित राहतो. वर्षातून एकदा डोळेही तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही हे मुले सांगत नाहीत, आणि तीच मुले संध्याकाळी शिकवणीला गाडीवरून जातात.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी. शाळेच्या आवारात गाडी आणायला बंदी असते, म्हणून ती शेजारच्या गल्लीत लावली जाते. तशीच पडल्याची गोष्टही लपवली जाते. गुडघ्याचे खरचटणे दवाखान्यात येते, डोक्याला लागलेले मार बसेल या भीतीने येत नाही. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तरी मुलगा उठतो, बोलतो, चालत घरी येतो. आत रक्त साठत राहते आणि काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, मूल गुंगीत जाते. घरच्यांना वाटते, अभ्यासाने दमले असेल, झोपू दे. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असे मूल बहुधा वाचते.

म्हणून मूल पडल्याचे कळले तर त्या वेळी रागावू नये. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी डॉक्टरांना दाखवावेच. पुढे डोकेदुखी वाढत गेली, दोन-तीनदा उलटी झाली, जाग येईना, बोलणे असंबद्ध वाटले किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाटेत पाणी किंवा चहा पाजू नये.