संगणकाचा आवाज आणि आपले कान

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं एक पालक आपल्या चिरंजीवांस घेऊन आमचेकडे आले. मुलगा नववींत शिकणारा; ध्वनिमुद्रित पाठ संगणकावर ऐकून अभ्यास करण्याची त्यास संवय. तक्रार अशी कीं, गुरुजींचा आवाज विहिरीच्या तळांतून आल्यासारखा पुसट येतो, आणि पाठाच्या आरंभीं वाजणारें संगीत मात्र चांगलें मोठें लागतें. शब्द कळावे म्हणून तो आवाज शेवटच्या टोंकापर्यंत चढवी, आणि रात्रीं निजतांना त्याच्या कानांत शिट्टी वाजत राही. शहरांतील एका दुकानदारानें त्यांस नवें साउंड कार्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि भारी हेडफोन अशी तिन्ही खरेदी एकदम करण्याचा सल्ला दिला होता. उसाच्या बिलाची रक्कम नुकतीच हातीं आलेली. ती त्या कामीं खर्च करण्याचा गृहस्थांचा बेत होता. "मास्तर, एवढ्यानें तरी पोराला नीट ऐकूं येईल ना?" असें त्यांनीं विचारलें. ह्या प्रश्नास काय उत्तर दिलें तें पुढें येईलच. परंतु असाच प्रश्न अनेक घरांत उभा असल्यामुळें ह्या विषयाचा थोडा मुळापासून विचार करावा असें आम्हांस वाटलें.

संगणक ही आपल्या भागास कांहीं नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. आपल्या कोडोलीच्या शेजारीं वारणानगर येथें १९९८ सालीं वारणा परिसरांतील ७० गांवें संगणकानें जोडण्याची योजना हातीं घेण्यांत आली, तेव्हांपासून उसाच्या नोंदींच्या निमित्तानें तरी शेतकऱ्याचा त्याच्याशीं परिचय झाला. पुढें २०२० सालच्या साथीनें शाळाच घरांत आणून बसविली. मात्र पडदा नीट दिसतो कीं नाहीं ह्याची चौकशी करणारे आपण, आवाज नीट येतो कीं नाहीं ह्याकडे फारसें लक्ष देत नाहीं.

आवाज म्हणजे हवेच्या दाबांत होणारी जलद चढउतार. संगणकाच्या पोटांत हवाही नाहीं व चढउतारही नाहीं. तेथें केवळ अंक सांठविलेले असतात. गाणें मुद्रित करतेवेळीं दाबाचें मोजमाप एका सेकंदांत हजारों वेळां घेऊन तें लिहून ठेवितात. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घ्यावें असें ठरलें, व प्रत्येक मोजमापास ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी दिली गेली. हा आंकडा कोणाच्या लहरीनें आलेला नाहीं. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं शकतो, तोही तरुणपणीं. नाइक्विस्ट ह्यांनीं १९२८ सालीं ज्या विचाराचा पाया घातला व शॅनन ह्यांनीं १९४९ सालीं जो गणितानें मांडला, त्याप्रमाणें एखादें कंपन पूर्णपणें परत उभें करावयाचें असल्यास त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घेतलें म्हणजे पुरतें. यास्तव साउंड कार्डाच्या खोक्यावर '१,९२,०००' असा आंकडा ठळक छापलेला दिसला तर भुलूं नये. ध्वनिमुद्रणाचें काम करणाऱ्यास त्याचा उपयोग असेल. ऐकणाऱ्याच्या कानास तो पोंचत नाहीं.

हे अंक विजेच्या दाबांत बदलणें हें साउंड कार्डाचें काम. ती क्षीण वीज हेडफोन हालवील इतकी सशक्त करणें हें अ‍ॅम्प्लिफायरचें काम. आणि विजेची हालचाल पुनः हवेच्या हालचालींत बदलणें हें हेडफोनचें. शेवटल्या कामाची युक्ति मोठी साधी आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें, त्यास एक पातळ पडदा चिकटविलेला असतो. वेटोळ्यांतून वीज वाहूं लागली कीं तें मागेंपुढें होतें व पडदा हवेस ढकलतो. आवाजाचा बरेवाईटपणा बहुतांशीं येथेंच ठरतो. अंकांची वीज करणें आतां इतकें स्वस्त व निर्दोष झालें आहे कीं साध्या संगणकांतही तें पुष्कळ चांगलें होतें. परंतु पडदा, चुंबक व कानावर बसणारी गादी ह्यांत कसब लागतें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, शंभर रुपये खर्चावयाचे असतील तर नव्वद हेडफोनवर खर्चावे व उरलेल्या दहांचा विचार मागाहून करावा.

साउंड कार्ड निराळें घेण्याची चाल कशी पडली हेंही सांगण्यासारखें आहे. १९८० च्या सुमाराचे संगणक 'टीं' असा एकच आवाज काढीत. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर नांवाचें कार्ड काढलें, तेव्हां संगणकास खरा कंठ फुटला आणि तें कार्ड बसविणें ही हौशी माणसाची ओळख झाली. पुढें १९९७ सालीं इंटेल कंपनीनें ठरविलेल्या पद्धतीनें हें काम संगणकाच्या मुख्य पाटीवरच होऊं लागलें. आज विकत मिळणाऱ्या बहुतेक प्रत्येक संगणकांत साउंड कार्ड आधींच असतें. दुसरें घेण्याची गरज क्वचितच पडते.

ती गरज केव्हां पडते हें ओळखण्याची एक परीक्षा आहे. हेडफोन लावून कांहींही न वाजवितां शांत बसावें. माऊस हालवितांच किंवा पडद्यावरचें पान सरकवितांच कानांत बारीक किरकिर ऐकूं आली, तर संगणकाच्या आंतील विजेची गडबड आवाजाच्या मार्गांत शिरत आहे असें समजावें. अशा वेळीं यूएसबीच्या खोबणींत बसणारें लहानसें बाहेरचें साउंड कार्ड घेतलें म्हणजे काम भागतें, कारण अंकांची वीज करण्याची जागाच त्या गडबडीपासून दूर नेली जाते. हेडफोनची खोबणी मोडली असल्यासही हाच उपाय.

परंतु सभागृहांत संगणक मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला असतां जी 'घूंऽऽ' अशी अखंड घरघर येते ती ह्याहून निराळी. आपल्याकडील विजेची सेकंदास ५० आवर्तनें व त्यांची पट ह्यांचा तो नाद असतो. आम्ही स्वतः एका स्नेहसंमेलनांत ह्या घरघरीपायीं अर्धा दिवस तारा बदलण्यांत घालविला. अखेर एका विद्यार्थ्यानें लॅपटॉपचा चार्जर काढून घेतला आणि घरघर एकदम थांबली! संगणक व अ‍ॅम्प्लिफायर दोन वेगवेगळ्या ठिकाणीं जमिनीस जोडले गेले होते, व त्या दोहोंमधून आवाजाच्या तारेच्या वाटेनें वीज फिरत होती. दोन्ही एकाच फळीवरच्या खोबण्यांस जोडावीं, किंवा मध्यें विलग करणारा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. कित्येक लोक प्लगचा अर्थिंगचा जाड खिळा मोडून टाकतात. घरघर त्यानें जाईल, पण एखाद्या दिवशीं जीवही जाईल. तसें कदापि करूं नये.

आतां अ‍ॅम्प्लिफायर. येथें थोडें गणित आहे, तें दहावीच्या विद्यार्थ्यास सहज साधेल. हेडफोनवर दोन आंकडे छापलेले असतात: एक ओहमांत मोजलेला अडथळा, दुसरा एक मिलिवॉट शक्तींत किती डेसिबेल आवाज निघतो तो. समजा, एक हेडफोन ३२ ओहमांचा व दुसरा ३०० ओहमांचा आहे, आणि दोन्ही एका मिलिवॉटांत १०० डेसिबेल देतात. शक्ति म्हणजे दाबाचा वर्ग भागिले अडथळा; त्यावरून पहिल्यास एक मिलिवॉट देण्यास सुमारें ०.१८ व्होल्ट लागतो, दुसऱ्यास सुमारें ०.५५ व्होल्ट. पुष्कळ संगणक एक व्होल्टच्या आसपास दाब देऊं शकतात. म्हणजे दोन्ही हेडफोन १०० डेसिबेलपर्यंत सहज पोंचले. आणि १०० डेसिबेल हा आवाज कानाच्या सोसण्यापलीकडचा आहे. मग अ‍ॅम्प्लिफायर कशास हवा? ज्यांची संवेदनक्षमता फार कमी आहे अशा कांहीं मोठ्या हेडफोनांस तो लागतो. दुसरें एक कारण असें कीं, संगणकाच्या खोबणीचा स्वतःचाही अडथळा असतो. तो हेडफोनच्या अडथळ्याच्या एक अष्टमांशाहून मोठा असला तर कांहीं हेडफोनांत खर्ज फुगतो व स्वरांचा तोल बिघडतो. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा अडथळा एकदोन ओहमांचा किंवा त्याहूनही कमी असतो. साधा ३२ ओहमांचा हेडफोन वापरणाऱ्या विद्यार्थ्यानें ह्या भानगडींत पडण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

हेडफोन निवडावा कसा? पाठीमागून बंद असलेले हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवितात. एका खोलींत दोन भावंडें अभ्यास करीत असल्यास, किंवा शेजारीं चक्की चालत असल्यास, तेच घ्यावे. पाठीमागून उघडे असणाऱ्यांचा आवाज अधिक मोकळा व नैसर्गिक लागतो, पण तो शेजाऱ्यासही ऐकूं जातो. कानाच्या भोकांत घालावयाचे स्वस्त पडतात व गोंगाटही बरा अडवितात, मात्र ते स्वच्छ ठेवावे व एकाचे दुसऱ्यानें घालूं नयेत. बिनतारी हेडफोनांत आवाज कांहीं क्षण मागाहून पोंचतो. गाणें ऐकण्यास त्याची अडचण नाहीं. परंतु पेटी संगणकास जोडून वाजविणाऱ्याचा त्यानें ताल चुकतो, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनावर ज्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा सर्व अभ्यास अवलंबून आहे त्यांस तर प्रत्येक कळ दाबल्यावर ताटकळत बसावें लागतें. त्यांनीं तारेचाच घ्यावा.

दुकानांत परीक्षा करतांना धडधडणारें चित्रपटगीत लावूं नये. त्यांत वाईट हेडफोनही खपून जातो. तंबोरा लावावा. आपल्या जवळच्या मिरजेचे तंबोरे प्रसिद्धच आहेत. २०२४ सालीं तेथील सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. त्याच्या जवारीचा जो झणत्कार, एका तारेंतून उमलत जाणारे ते अनेक सूक्ष्म स्वर, चांगल्या हेडफोनांत सुटे सुटे ऐकूं येतात आणि वाईटांत त्यांची नुसती गुणगुण होते. त्यानंतर डग्ग्याचा घुमारा ऐकावा: तो गोल लागतो कीं नुसता ढबढबतो? मग चार आवाजांत गाइलेलें एखादें भक्तिगीत लावावें आणि मधल्या दोन आवाजांपैकीं एकाच्या मागें कान लावून जावें. तो वाटेंत हरवला नाहीं तर हेडफोन घेण्यास हरकत नाहीं.

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास एक सूचना. करवीर दरबारीं असलेल्या अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांच्या भैरवीचें एक मुद्रण १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत पाठविण्यांत आलें. अशा मुद्रणांत दोन्ही कानांत एकच आवाज असतो, त्यांत खरखर असते, व उंच स्वरांचा भाग मुळांतच थोडा मुद्रित झालेला असतो. महाग सामग्रीनें तो परत येत नाहीं, उलट खरखरच अधिक स्पष्ट होते. तेथें मध्यम प्रतीचा, मृदु आवाजाचा हेडफोनच अधिक सुख देतो, असा आमचा अनुभव आहे.

पालकांनीं ज्याची खरी काळजी वाहावी तें निराळेंच आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक ऐकूं नये असा कामगारांसाठीं एक दंडक आहे. त्यावर दर तीन डेसिबेलांस वेळ निम्मी होत जाते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास, व १०० डेसिबेलला अवघीं पंधरा मिनिटें. जागतिक आरोग्य संघटनेनें मुलांसाठीं याहूनही कडक मर्यादा सांगितली आहे: ७५ डेसिबेल, आठवड्यास ४० तास. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म रोमपेशी नाद ग्रहण करतात त्या एकदां मेल्या कीं मनुष्यांत पुनः उगवत नाहींत. कानांत वाजणारी शिट्टी ही त्यांनीं दिलेली हांक होय. ती ऐकूं आली तर त्या दिवशीं हेडफोन खालीं ठेवावा, आणि ती राहिलीच तर वैद्यास दाखवावें. शेजारीं उभा असलेला मनुष्य साध्या आवाजांत बोलला व तो ऐकूं आला नाहीं, तर आवाज फार मोठा आहे असें समजावें.

आतां त्या मुलाचें काय झालें तें सांगतों. त्याचा हेडफोन मोबाईलबरोबरचा होता. त्याच्या खिळ्यावर चार पट्टे असतात: डावा कान, उजवा कान, दोहोंची सामाईक परत वाट, आणि मायक्रोफोन. त्याच्या घरच्या जुन्या संगणकाची खोबणी मात्र तीनच पट्ट्यांची होती. ह्या बेबनावामुळें परत वाटेचा सांधा लागत नव्हता, आणि वीज एका कानांतून दुसऱ्या कानांत जाऊन तिकडूनच परतत होती. अशा स्थितींत दोन्ही बाजूंस जें सारखें असतें तें एकमेकांस खोडून टाकतें व जें निराळें असतें तेवढेंच उरतें. गुरुजींचा आवाज दोन्ही बाजूंस तंतोतंत सारखा, म्हणून तो नाहींसा झाला; संगीत दोहोंकडे निराळें, म्हणून तें राहिलें. आम्हीं त्याच्या तारेवरील लहान बटण दाबून धरलें, त्यासरशी गुरुजी जणूं खोलींत येऊन बोलूं लागले! बटण दाबल्यानें मायक्रोफोनच्या वाटेनें परत वाट जुळते, एवढेंच त्याचें रहस्य. चार पट्ट्यांच्या दोन वाटा करणारा एक लहानसा जोड बाजारांत थोडक्या पैशांत मिळतो. तो आणविला व काम झालें. मुलगा आतां आवाज अर्ध्याच्या खालीं ठेवून ऐकतो. शिट्टीही पंधरा दिवसांत थांबली. उसाचे पैसे कोठें गेले हें आम्हीं विचारलें नाहीं, पण जाड रेक्झिनच्या गाद्यांचा एक बंद हेडफोन मात्र दिवाळीनंतर त्याच्या दप्तरांत दिसला.

शाळेच्या संगणकखोलींत दोन जातींचे हेडफोन, एक बाहेरचें साउंड कार्ड व तो चार पट्ट्यांचा जोड परीक्षेसाठीं ठेविले आहेत. खरेदीपूर्वीं ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येतांना आपला जुना हेडफोन बरोबर आणावा.