दोन खोल्यांमधील भिंत

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील केंब्रिज येथे नरेंद्र आणि पूनम पटनी या दांपत्याने आपल्या राहत्या घरात एक आगळा प्रयोग केला. एका खोलीला त्यांनी ‘अमेरिका’ मानले, दुसरीला ‘भारत’. ‘अमेरिके’तून ‘भारता’त छापील कागद जायचे, सोबत लेखी सूचना जायच्या, मात्र दोन्ही खोल्यांच्या दरम्यान कामाविषयी तोंडी एक शब्दही बोलायचा नाही, असा दंडक होता. शंका आली तरी भिंतीपलीकडे हाक मारायची नाही. फ्लेक्सोरायटर नावाच्या यंत्रावर मजकूर टंकून तो कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उतरवायचा, म्हणजे पुढे संगणकाला तो वाचता येई, असे ते काम होते. हे काम हजारो मैल दूर भारतात बसलेल्या माणसांकडून केवळ लेखी सूचनांवर करून घेता येईल का, हे त्यांना भांडवल गुंतवण्यापूर्वी तपासायचे होते. प्रयोग यशस्वी झाला आणि पुण्यात ही यंत्रे खडखडू लागली. पुढे १९७८ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली.

त्याच कंपनीतून बाहेर पडून नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी जुलै १९८१ मध्ये पुण्यात स्वतःची कंपनी नोंदवली. सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांची कथा घरोघरी ठाऊक आहे. पण कंपनीचे मूळ नाव ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स’ असे होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. पहिला ग्राहक न्यूयॉर्कचा, सहकारी तिकडे कामावर आणि मूर्ती इकडे. टेलिफोन मिळण्यास सुमारे वर्ष लागले आणि संगणक आयात करण्याचा परवाना मिळण्यास त्याहून अधिक, असे मूर्तींनी अनेकदा सांगितले आहे. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. पुण्यात मात्र हा व्यवसाय रुजला तो रुजलाच; हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावे आता आपल्या बोलण्यात भवानी पेठ आणि मार्केट यार्ड यांच्याइतकीच सहज येतात.

आपल्या व्यापारी घराण्यांतील मुलेमुली गेली अनेक वर्षे या क्षेत्रात जात आहेत. गणित, इंग्रजी, कष्टाची तयारी या कशातच ती कमी पडत नाहीत. तरीही वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ‘काम उत्तम, परंतु संवाद कमी पडतो’ असा शेरा पडल्याचे पालक सांगतात, बढती हुकते आणि घरी सर्वांना वाटते की इंग्रजी बोलण्याचा वर्ग लावावा. माझ्या मते दुखणे इंग्रजीचे नसून, दुकानातून नकळत घेतलेल्या एका सवयीचे आहे.

दुकानात काम चालते ते समजुतीवर. वडिलांनी ‘ते नेहमीचं पाठवून दे’ एवढे म्हटले की मुनीमजींना कोणाचे, किती आणि कोणत्या भावाने, हे सारे कळते. वीस वर्षांचा सहवास त्या एका शब्दामागे उभा असतो. ही दुकानाची फार मोठी शक्ती आहे, हे मी बँकेत असताना कर्जप्रस्तावांच्या निमित्ताने कैक पेढ्यांवर पाहिले आहे. सॉफ्टवेअर सल्लागाराच्या कामात मात्र हा सहवास नसतो. ग्राहक टेक्सासमधील एखादे रुग्णालय, आज्ञावली लिहिणारा पुण्यात, तपासणारी हैदराबादेत, आणि सहा महिन्यांनी तिघांपैकी दोघे बदललेले. तेथे ‘नेहमीचं’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

गंमत अशी की, याच दुकानात पैशांचा प्रश्न आला की समजुतीवर कोणीही विसंबत नसे. जुनी हुंडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय ‘पाचशेची दुप्पट’ अशा तऱ्हेने तिच्या निम्म्याचाही उल्लेख करीत. एका गावी लिहिलेला कागद दुसऱ्या गावी, लिहिणारा समोर नसताना, परक्या माणसाने वाचायचा आहे आणि त्यावर रोख पैसे मोजायचे आहेत, याचे पूर्ण भान त्या लिहिण्यात होते. सल्लागाराचा ईमेल हा असाच परगावी वटवला जाणारा कागद आहे. ‘काल बोललो त्याप्रमाणे बदल केला आहे’ असे लिहिणाऱ्याची हुंडी परत येणार, हे निश्चित समजावे.

एक उदाहरण माझ्या परिचयाच्या क्षेत्रातले देतो. पूर्वी बचत खात्यावरील व्याज हे महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून ते दैनंदिन शिल्लकीवर मिळू लागले. जुन्या पद्धतीत आम्ही आपसांत नुसते ‘किमान शिल्लक’ म्हणत असू. दहा तारीख उच्चारण्याची कोणाला गरजच वाटत नसे. आमच्या शाखेत संगणकप्रणालीच्या कामासाठी आलेल्या एका तरुणाने मात्र विचारले, ‘साहेब, किमान म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?’ प्रश्न ऐकून काही सहकारी हसले. पण हिशेब करून पाहावा. खात्यात महिन्याच्या आरंभी २,००० रुपये आहेत, नऊ तारखेला ५०,००० जमा झाले आणि ते तसेच राहिले. साडेतीन टक्के दराने दहा तारखेच्या नियमाप्रमाणे त्या महिन्याचे व्याज सुमारे १५२ रुपये येते. पहिल्या तारखेपासून धरले तर सहा रुपयेही भरत नाहीत. शाखेतील सर्व खात्यांना हा गुणाकार लावला म्हणजे त्या प्रश्नाची किंमत कळते. उत्तर मिळाल्यावर त्या तरुणाने ते उदाहरणासह कागदावर लिहिले आणि व्यवस्थापकांची सही घेतली. या धंद्यात मला आवडलेली सर्वांत चांगली सवय हीच. व्याख्येपेक्षा आकड्यांचे एक उदाहरण अधिक बोलते, आणि गैरसमज असेल तर तो तेथल्या तेथे उघडा पडतो.

न विचारलेल्या प्रश्नाची जगप्रसिद्ध किंमत नासाने मोजली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झाले. यान बांधणाऱ्या कंपनीची एक आज्ञावली पाउंडाच्या मापात आकडे पाठवीत होती आणि नासाच्या प्रयोगशाळेत ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरले जात होते. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. मला याहून महत्त्वाची वाटते ती चौकशीतून पुढे आलेली दुसरी बाब. यानाच्या मार्गाविषयी काही जणांना आधीच शंका आली होती. त्यांनी ती अनौपचारिकपणे बोलूनही दाखवली होती. परंतु ती रीतसर नोंदवून, तिचा निकाल लागेपर्यंत पाठपुरावा झाला नाही. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य अशा वेळी कोणाच्याही उपयोगी पडत नाही. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याखेरीज पुढे जात नाही, त्यामागे हेच कारण आहे. त्यात पहिल्यावरचा अविश्वास नसतो. आपली आज्ञावली सहकाऱ्याने तपासली म्हणून रुसणाऱ्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे.

आता सर्वांत अवघड सवयीकडे वळू. वडीलधाऱ्यांना ‘नाही’ म्हणू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. त्यामुळे ग्राहकाने विचारले, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ की तोंडून ‘हो’ निघून जाते. त्या ‘हो’चा अर्थ कधी ‘ऐकलं’ असा असतो, कधी ‘प्रयत्न करतो’ असा, तर कधी ‘आपल्याला नाराज कसं करू’ असा. परदेशी ग्राहक मात्र ‘शुक्रवारी मिळणार’ एवढाच अर्थ घेतो आणि त्यावर आपली पुढची माणसे व पैसा लावून मोकळा होतो.

येथे आपल्या मुलांना बाजारपेठेचीच रीत आठवून द्यावी. उधारीची मुदत संपण्याआधी दोन दिवस जो येऊन सांगतो, ‘शेठजी, या वेळी आठ दिवस उशीर होईल, निम्मे आज देतो,’ त्याला पुढचा माल मिळतो. मुदतीच्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्याला मिळत नाही, मग त्याने महिन्याभराने व्याजासह पैसे आणून दिले तरी. उशीर दोघांचाही झाला. पत एकाचीच गेली. सल्लागाराचेही तसेच आहे. काम रखडणार हे सोमवारी कळले तर सोमवारीच सांगावे, आणि सांगताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात: काय अडले, शुक्रवारी काय निश्चित मिळेल, आणि उरलेले कोणत्या तारखेला. नुसते ‘थोडा उशीर होईल’ हे सांगणे नव्हे.

उशीर होऊ लागला की वरिष्ठ आणखी माणसे लावतात. आयबीएममध्ये एका प्रचंड प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की त्याने काम बहुधा अधिकच रेंगाळते. हिशेब सोपा आहे. चार माणसांत आपसांतील संवादाच्या जोड्या सहा होतात, आठांत अठ्ठावीस, सोळांत एकशेवीस. माणसे चौपट, बोलणी वीसपट! म्हणूनच रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बैठक घेण्याची प्रथा पडली. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये दोरीखेच खेळवून संघभावना वाढवण्याच्या सहली निघतात, त्यांविषयी मला फारसा आदर नाही. त्या पंधरा मिनिटांत जो खरे बोलतो, त्याने संघासाठी पुष्कळ केले.

घड्याळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो प्रश्न थेट आपल्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. न्यूयॉर्कला सकाळी दहाची बैठक असेल तर उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा बदल. युरोपचे दिवस आणखी निराळे, मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. बैठकीची वेळ लिहिताना शहराचे नाव लिहावे, तारखेत महिना अक्षरांत लिहावा. आपला ४/५ म्हणजे चार मे, त्यांचा पाच एप्रिल. ज्या घरांत चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची आणि पर्युषणात सायंकाळच्या प्रतिक्रमणाची या बैठकांशी गाठ पडते. मुले संकोचाने काही बोलत नाहीत, मग ऐन वेळी गैरहजर राहतात आणि बेपर्वा ठरतात. पर्युषणाच्या तारखा महिनाभर आधी कळवल्या, कोण आपली जागा घेईल हे ठरवून दिले, तर तिकडच्या कोणाचीही हरकत नसते. ख्रिसमसच्या आठवड्यात आपण त्यांचे काम सांभाळतोच.

हे सारे केवळ नोकरी करणाऱ्यांसाठी नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून आपण दुकानदारही सॉफ्टवेअर सल्लागाराचे ग्राहक झालो आहोत, आणि ग्राहक म्हणून आपल्या सवयी काही आदर्श म्हणता येणार नाहीत. ‘बिलाचं ते जरा नीट करून द्या’ असे फोनवर सांगायचे आणि मनासारखे झाले नाही की पैसे अडवायचे. त्याऐवजी गेल्या महिन्यातील पाच खरी बिले त्याच्यापुढे ठेवावीत: एक साधे, एक माल परत आल्याचे, एक सवलतीचे, एक परराज्यातील आणि एक ज्यावर नेहमी भांडण होते ते. बिलांचे अनुक्रमांक १ एप्रिलला कोठून सुरू व्हावेत, हे मार्च उजाडण्यापूर्वी लिहून द्यावे. दुकानातर्फे बोलणारा एकच असावा. वडील एक सांगतात, थोरला दुसरे आणि मुनीमजी तिसरेच, मग बिचारा सल्लागार शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो.

आणि तो काम सोडून जाईल त्या दिवसाची तयारी पहिल्याच दिवशी करावी. बँकेत बदली झालेला अधिकारी किल्ल्या, शिल्लक, प्रलंबित प्रकरणे यांची यादी करून, नव्या अधिकाऱ्याची सही घेऊनच चार्ज देतो. सल्लागाराकडूनही पासवर्ड कोणाकडे आहेत, माहितीची प्रत कोठे आणि किती दिवसांनी ठेवली जाते, कोणते काम अर्धवट आहे, याचा एक पानी कागद दर तिमाहीस मागून घ्यावा. हा कागद दुकानातील ज्याला संगणकातले फारसे कळत नाही अशा माणसाने आधी वाचावा. त्याला जेथे अडेल, तेथे लिहिणाऱ्याकडून तो पुन्हा लिहून घ्यावा.