घोडवाटेवरची सायकल

स्पेनच्या मेनोर्का बेटाला वळसा घालणारी १८५ किलोमीटरची जुनी वाट आहे, ‘कामी दे काव्हाल्स’, म्हणजे घोडवाट. किनाऱ्यावर पहारा देणारे घोडेस्वार हिच्यावरून जात. पुढे जमीनमालकांनी ती जागोजागी अडवली. लोकांनी मागणी लावून धरली, २००० साली कायदा झाला आणि २०१० मध्ये वाट सर्वांना खुली झाली.

आता तिथे सायकली धावतात. उत्तर किनारा खडकाळ, चढउतारांचा, सावली कमी. अशा वाटेसाठी आम्ही सांगू ते एवढेच: हेल्मेट घाला, थोडे थोडे पाणी पीत राहा, उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. चक्कर आली तर लगेच सावलीत बसा. अवघड जागी उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. धडधाकट घरी परतणे महत्त्वाचे.